शिट्टी वाजली की वर यायचं

आधी ठोंबरे मॅडमचं नाव लिहितो, मग बाकीचं. डॉक्टर नीलिमा ठोंबरे, मूळच्या अमरावतीच्या, आता शारजात अल नहदाला राहतात. डॉक्टर म्हणजे दगडांच्या. आज मी धडधाकट बसून हे लिहितोय आणि नोकरीही हातात आहे, ते त्यांच्यामुळे. दुसरं नाव केरळच्या बिजूभाईंचं. ते मॅडमबरोबर डोंगरात नमुने गोळा करतात. तिसरं अबू राशिद यांचं, ज्यांनी आम्हाला स्वतःच्या घरात झोपायला जागा दिली. नावं सांगून झाली. आता कुठे गेलो होतो ते सांगतो.

मी संगमेश्वराकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि बाबांबरोबर चिरेखाणीत गेलो. तिथून पुढे मुंबई, मग इथे. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कंपनीत दगड, माती, काँक्रीट असं सगळं तपासलं जातं. मी तिथे गोदामात गोणी उचलायचो. लायसन्स निघालं होतं, पण गाडी कुणी हातात देत नव्हतं. अशात फील्डच्या गाडीचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला आणि मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "सुरेश, मॅडम के साथ जा. ठीक से आया तो गाडी तेरी. नहीं तो वापस गोदाम." एवढंच बोलले. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नीट जा, उगाच घाई करू नका." घाई मी कशाला करतोय. 

अल नहदा ते डोंगर

बिजूभाईंना गाडीत घेऊन पहाटे मॅडमना घ्यायला अल नहदाला गेलो. त्या लिफ्टमधून उतरल्या तेव्हा मागून त्यांची मुलगी धावत आली. "ममा, यू फरगॉट युवर हॅट." मॅडम मराठीत म्हणाल्या, "आण इकडे, आणि दूध पिऊन जा." मुलगी म्हणाली, "ओके, ओके." इथल्या मराठी घरांमध्ये हे असंच चालतं. आई मराठीत विचारते, पोर इंग्रजीत उत्तर देतं, आणि दोघांना सगळं कळतं.

गाडी सुरू करणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. आधी बोलू, मग निघू." गाडीच्या बोनेटवर नकाशा पसरला. आज कुठे जायचं, कुठल्या रस्त्याने, संध्याकाळी ऑफिसला फोन कोण करणार, फोन नाही गेला तर ऑफिसने कुणाला कळवायचं, हे सगळं त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं आणि परत आमच्याकडून वदवून घेतलं. पाण्याचे कॅन मोजले. औषधाची पेटी उघडून दाखवली. मग प्रत्येकाच्या हातात एक केशरी शिट्टी दिली, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट.

"एकदा वाजली तर मी इथे आहे. दोनदा, मला भेटा. तीनदा वाजली तर हातातलं टाकायचं आणि वर यायचं. का, कशाला, हे वर येऊन विचारायचं."

मला हसू आलं. गावच्या शाळेतले पीटीचे मास्तर आठवले. बिजूभाईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "हबीबी, हसो मत. पहले मैं भी हँसा था."

शारजा मागे पडलं की आधी लाल वाळू लागते, मऊ, घडी घातलेल्या रेशमासारखी. मग वाळू संपून खडीची सपाट जमीन, तिच्यावर काटेरी समरची झाडं आणि उंट. आणि मग एकदम डोंगर. आमच्या सह्याद्रीला झाडाझुडपाचं पांघरूण असतं, इथले डोंगर उघडे. काळपट, तपकिरी, कडांवर हिरवट. मला वाटलं, देवाने सामान तसंच टाकून ठेवलंय, आवरायचं राहिलंय. मॅडमना तसं बोललो. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर. हे सामान समुद्राच्या तळाखालचं आहे. तळ आणि तळाच्याही खालचा दगड. वर ढकलला गेला आणि इथे येऊन पडला."

समुद्राच्या तळाखालचा दगड, आणि त्यावर शेळ्या चरतायत. 

पहिला घाव

फुजैराच्या अलीकडे आत शिरणाऱ्या एका वादीत आमचं काम होतं. वादी म्हणजे कोरडी नदी. दोन्ही बाजूला डोंगर आणि मध्ये गोट्यांचं रुंद पात्र. मॅडम गाडीतून उतरून आधी गाडी लावायची जागा बघून आल्या. पात्रापासून बऱ्याच उंच एक सपाट टप्पा होता, तिथे लावायला सांगितली. मी मनात म्हटलं, एवढ्या वर कशाला, सगळं सामान खाली न्यायचंय. पण लावली.

डोंगरातलं काम कसं असतं ते मला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. मला वाटलं, जायचं, फोडायचं, गोणीत भरायचं. मॅडम एका लाल, पट्ट्यापट्ट्यांच्या दगडासमोर कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग चालल्या, परत आल्या, फोटो काढला. शेवटी बिजूभाईंना खाली पडलेला एक तुकडा दाखवला. "हा चालेल. भिंतीला हात नको."

मी उत्साहाने हातोडा उचलला. दगडाचं काम माझ्या घरचं. बाबांच्या खाणीत जांभा असतो, ओला असताना साबणासारखा कापला जातो, लाल भुकटी उडते, अंगावर बसते, अंघोळ केली की जाते. मी त्याच सवयीने घाव घातला. दगड काचेसारखा वाजला आणि गालाजवळून काहीतरी सुंकन गेलं. गॉगल माझ्या खिशात होता.

मॅडम ओरडल्या नाहीत. जवळ आल्या, माझी हनुवटी धरून डोळे बघितले, आधी एक मग दुसरा, आमच्या गावची सुईण पोराला बघते तसं. मग म्हणाल्या, "सुरेश, तुमच्या गावचा दगड मऊ आहे. याच्या चिपेने माणूस दाढी करेल. गॉगल लावल्याशिवाय या डोंगरात कुणी हातोडा उचलत नाही. मीपण नाही."

बिजूभाई म्हणाले, "शेव्हिंग फ्री में हो जाता था."

त्या दिवशी मी खूप शिकलो. उतारावर एकाच्या डोक्यावर दुसऱ्याने काम करायचं नाही. दगड सुटला तर "दगड" म्हणून मोठ्याने ओरडायचं, मग तो केवढाही असो. बिळात, कपारीत हात घालायचा नाही. बूट काढून ठेवले तर झटकून घालायचे. लटकत्या कड्याखाली बसून जेवायचं नाही, सावली असली तरी. आणि एकट्याने कुठेही जायचं नाही, अगदी त्या कामालासुद्धा सांगून जायचं. मॅडम स्वतः सांगून जायच्या. मला लाज वाटायची, त्यांना वाटत नव्हती.

निघताना त्यांनी संत्र्याच्या सालीसुद्धा वेचल्या. मी म्हटलं, "मॅडम, ही कुजून जाईल." त्या म्हणाल्या, "कोकणात कुजते. इथे पुढच्या वर्षी येऊ तेव्हा इथेच बसलेली असेल."

अबू राशिद यांचं आगर

दुसऱ्या दिवशी वादीत आणखी आत गेलो. तिथे डोंगराच्या कुशीत खजुरांचं एक आगर आहे. कुंपण असं नाहीच, चार दगड रचलेले. आम्हाला पलीकडच्या कड्याशी जायचं होतं आणि वाट आगरातून सरळ होती. पण मॅडम दगडांच्या अलीकडे थांबल्या आणि हाक मारली. आतून अबू राशिद आले, पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात खुरपं. त्यांना तुटकी हिंदी येते, इथल्या जुन्या माणसांना येते. मॅडमनी कुठे जायचंय, काय उचलणार, काय नाही, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पत्थर ले जाओ, बहुत है. पहले गहवा."

गहवा म्हणजे वेलची घातलेली फिकट कॉफी, टीचभर कपात. मी पिऊन कप पुढे केला की ते परत भरायचे. मी नको कसं म्हणणार. मोठा माणूस देतोय. कितीतरी कप झाले. शेवटी मॅडम कुजबुजल्या, "अहो, कप हलवा. नाहीतर हे संध्याकाळपर्यंत पाजतील." कप जरासा हलवून दिला की पुरे, असा रिवाज. आमच्याकडे पानावर हात आडवा धरतात तसं. मी कप हलवला तर अबू राशिद मॅडमना म्हणाले, "ये आदमी को प्यास बहुत है." बिजूभाई पुढे दिवसभर मला प्यासा भाई म्हणत होते.

आगरातून दगडी पाटाने पाणी खेळवलेलं. याला फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून येतं आणि प्रत्येकाच्या झाडांना पाळीपाळीने मिळतं. मला आमच्या सुपारीच्या बागेतलं पाटाचं पाणी आठवलं. तिथेही पाळीवरून भांडणं होतात. मी विचारलं, इथे होतात का. अबू राशिद म्हणाले, "भाई भाई में होता है." मग बरं वाटलं. मॅडमनी आम्हाला बजावलं, पाटाच्या दगडावर पाय द्यायचा नाही, नमुना धुवायचा तर बाटलीतल्या पाण्याने. जाताना त्यांना तिथे एक सापाच्या कातडीसारखा गुळगुळीत हिरवा दगड दिसला, नेमका पाटाच्या भिंतीत बसवलेला. त्या वाकून बघत राहिल्या, मग हात मागे बांधून पुढे गेल्या. मला वाटलं, यांना हा मागितला असता तर म्हाताऱ्याने काढून दिला असता. म्हणूनच मागितला नसावा.

रात्री फुजैराला मुक्काम. मच्छी बाजारात सुरमई होती, इथे तिला कनद म्हणतात. चव तीच. मी एकटाच एवढ्या लांब नाही आलो, असं उगाच वाटलं.

तिसरा दिवस

सकाळी मॅडमनी हवामानाचा अंदाज बघितला. संध्याकाळी डोंगरात पावसाची शक्यता होती. "दुपारी जेवलो की निघायचं," त्या म्हणाल्या. अबू राशिद यांना सलाम करायला थांबलो तर त्यांनी मागच्या डोंगराकडे हात केला. "उधर काला है." आमच्या डोक्यावर निळंशार आभाळ होतं.

कड्यावरचं शेवटचं काम लवकर उरकायचं म्हणून मॅडम आणि बिजूभाई वाटेतच उतरून चढायला लागले. मॅडम म्हणाल्या, "गाडी लावून घ्या आणि जेवण बघा, आम्ही येतोच." जागा बघायला त्या आल्या नाहीत. रोज येत होत्या.

मी पुढे गेलो. पात्राच्या कडेला, गोट्यांपासून माणूसभर उंचीवर मातीचा एक सपाट काठ होता आणि त्यावर एक मोठं समरचं झाड, छान सावलीचं. मला वाटलं, हाच आपला वरचा टप्पा. गाडी सावलीत राहील, पाणी गार राहील. झाडाच्या फांद्यांत वाळकं गवत, काटक्या, फाटक्या पिशव्या अडकल्या होत्या. वाऱ्याने येऊन बसल्या असतील म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी मी त्यांना सोडेभात करून घालणार होतो. गावाहून आणलेले सोडे होते, म्हणजे वाळवलेली कोलंबी, आमसुलंही होती. स्टोव्ह पेटवला, टोप चढवला. भाताला वाफ आली आणि वरून शिट्टी वाजली. तीनदा.

मी वर बघितलं. मॅडम बऱ्याच उंच होत्या, टोपी काढून हलवत होत्या. आभाळ निळंच. एक थेंब नाही. कोकणात नदी फुगते तेव्हा आपण स्वतः आधी भिजलेले असतो. मी कोरडा होतो, म्हणून मला काही पटेना.

पण घाबरलो, आणि मला आधी आठवली ती गाडी. ठीक से आया तो गाडी तेरी. मी पळत जाऊन आत बसलो, चावी फिरवली. बाहेर काढायची तर खाली पात्रात उतरून गोट्यांतून वळसा घालावा लागणार होता. दुसरा रस्ताच नव्हता. फार लांब नाही, मी मनाशी म्हटलं. इंजिन सुरू झालं. परत शिट्टी, तीनदा. या वेळी दोघांच्या मिळून, थांबेचनात.

हातातलं टाकायचं आणि वर यायचं. मी चावी काढली, दार तसंच उघडं टाकलं आणि चढायला लागलो. गोटे पायाखालून सुटत होते. अर्ध्यावर आलो तेव्हा मागून आवाज आला. डंपर खडी ओततो तसा, पण न थांबणारा. मागे वळून बघितलं नाही. बिजूभाई खाली उतरून आले होते, त्यांनी माझं मनगट धरून वर ओढलं.

मग बघितलं. तपकिरी पाणी, पाणी कसलं, चिखल, काटक्या आणि दगड यांची एक भिंत वळणावरून आली. जिथून मी गाडी नेणार होतो तिथून ती गेली. मग पाणी चढत काठावर आलं. आमची पांढरी गाडी जरा उचलली गेली, शांतपणे फिरली, जशी मीच वळवतोय, आणि त्या समरच्या बुंध्यावर जाऊन टेकली. उघड्या दारातून पाणी आत शिरलं. स्टोव्ह, टोप, सगळं गेलं.

मॅडमनी बोट दाखवत मोठ्याने मोजलं. "बिजू. सुरेश. मी. सगळे आहेत." एवढं बोलून त्या खाली बसल्या. 

मी चावी हातात धरून उभा होतो. बिजूभाई पाण्याकडे बघत म्हणाले, "सुरेश भाय, तुम्हारा झींगा समुंदर से आया था ना? देखो, वापस घर जा रहा है." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही.

मॅडमनी मला जवळ बसवलं. "त्या झाडात काय अडकलंय, दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"गावाला पुरानंतर नदीकाठच्या झाडांना काय लोंबतं?"

मी झाडाकडे परत बघितलं. आमच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी लहानपणापासून तेच बघत आलोय. पूर कुठवर आला होता ते त्या गवतावरून सांगतात. पण या वाळवंटात पाणीच नाही असं मी ठरवूनच आलो होतो, मग पुराची खूण कशी ओळखणार.

कड्याच्या माथ्यावर फोन लागत होता. मॅडमनी ऑफिसला लावला. मी समोरच होतो, मॅनेजरसाहेबांचा आवाज ऐकू येत होता. मॅडम आधी म्हणाल्या, "तीनों सेफ हैं." मग गाडीचं सांगितलं.

"गाडी वहाँ किसने पार्क की?"

 मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चलाई सुरेश ने. पर जगह पास करना पार्टी लीडर का काम है, और आज मैंने देखी नहीं. यही लिखिए." पलीकडून आणखी काहीतरी आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, गाडी का इन्शुरन्स है. इसका भी होगा, पर मुझे वो कागज़ नहीं भरना था."

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "जागा चुकली, ती तुझीही आणि माझीही. पुढच्या वेळी मी आले नाही तर मला हाक मारायची. लीडर आहे म्हणून गप्प राहायचं नाही, कळलं?"

तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या मला तू म्हणाल्या.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. पात्र उथळ दिसायला लागलं तरी मॅडमनी कुणाला उतरू दिलं नाही. उशिराने पावसाची सर आमच्याही अंगावर आली आणि आम्ही कुडकुडायला लागलो. अंधार पडायच्या आत अबू राशिद यांचा मुलगा वरच्या वाटेने चालत आम्हाला शोधत आला. "यल्ला, यल्ला, बाबा गुस्सा करता है." घरी कोरडे कंदुरे दिले, आम्हा दोघांना ते घोट्याच्या वर आले. मटण-भात समोर ठेवला. सगळे एकाच थाळीत जेवलो. आमच्याकडे पाहुण्याला वेगळं पान वाढतात, इथे आपल्याच थाळीतला चांगला तुकडा मोडून पाहुण्यापुढे सरकवतात. अबू राशिद माझ्यापुढे सरकवत राहिले. मी आता काय हलवायचं ते न कळून खात राहिलो.

परत हमरियात

मॅनेजरसाहेबांसमोर मी चावी टेबलावर ठेवली. म्हटलं, "साहेब, गोदाममध्ये कधीपासून येऊ?" ते म्हणाले, "मॅडम से पूछ."

मॅडम आत नमुने लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय करून राहिलास इथे? गाडी दुरुस्त होऊन आली की लिव्याच्या वाळवंटाकडे जायचंय."

"पण मॅडम, मी गाडी सोडून आलो."

आता त्यांनी वर बघितलं. "म्हणूनच. शिट्टी ऐकून गाडी सोडून आलेला ड्रायव्हर मला पाहिजे. गाडी घेऊन यायला गेलेला माणूस मी एकदा बघितला आहे."   एवढं बोलून त्या परत दगडांवर चिठ्ठ्या लावायला लागल्या.

जाता जाता मी बाबांच्या चिरेखाणीबद्दल सांगितलं. मॅडमनी जांभा पुस्तकात आणि तपासणीच्या टेबलावर बघितलाय, पण आमचा सडा, तो जांभ्याचा उघडा माळ, त्यांनी पाहिलेला नाही. पाहायचाय म्हणाल्या. मॅडम, एक दिवस मी तुम्हाला तिकडे नेणार, इन्शाल्ला. सोडेभात राहिलाय, तोही होईल. खाणीच्या काठाला कुठे जायचं आणि कुठे नाही ते मी सांगेन, गाडी कुठे लावायची ती जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून येईन, आणि केशरी शिट्टी माझ्या गळ्यात असेल. त्या दिवशी मोजायचं काम माझं.